पुण्याच्या वेळेवरचं घड्याळ

दुबईच्या अल बर्शा भागातल्या फ्लॅटमध्ये अंकुर आणि मुग्धा, म्हणजे लेक आणि सून, एकदा हमरीतुमरीवर आले होते, तेव्हा प्रमिलाबाई स्वयंपाकघरात कान टवकारून उभ्या होत्या. भांडण एका जुन्या फ्रेंच कादंबरीवरून होतं. पूर्वेच्या दिशेने जगाला फेरी मारली की एक दिवस वाचतो, हे लेखकाला सुचलं कुठून? अंकुर म्हणे, दुसऱ्याच्या गोष्टीतून उचललं. मुग्धा म्हणे, पेपरात वाचलं.

चौथी शिकलेल्या प्रमिलाबाईंना वाटलं, त्या लेखकाला आपल्यासारखीच वेंधळी म्हातारी भेटली असणार. दुबईत येऊनही त्यांचं घड्याळ पुण्याच्याच वेळेवर, दीड तास पुढे. वजाबाकी चुकली आणि नात शुभ्रा बसमधून उतरून एकटीच उभी राहिली तर? म्हणून त्या वजाबाकी करतच नसत. दीड तास आधी खाली जाऊन बसत.

आज रात्री त्यांचं पुण्याचं विमान होतं.

"आई, आज तरी घड्याळ लावून देतो."

"राहू दे रे. उद्या पुन्हा कोण फिरवणार?"

खाली वॉचमनने खुर्ची सरकवली. "माँजी, आज भी जल्दी?"

"मैं टाइम पे है. तुम्हारा दुबई लेट है," म्हणत त्या बसल्या.