बुरशी न लागलेली लेन्स

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाल, पडेगावच्या टपरीवर रोज तासभर तोंड चालवणाऱ्या माणसाच्या पोटात काही उरलं असेल का? उरलंय. बाकीचं सगळं तिथं सांगून झालं — साडेदहा हजार फुटांवर घारीनं मला पत्ता विचारला, परराज्यातल्या आभाळातून मी दौलताबादचा किल्ला ओळखला, एकदा पडता पडता पान लावून खाल्लं. लोक हसतात, चहा पाजतात. आणि मी बोलत राहतो. का बोलतो इतकं? थांबलो की ती एक गोष्ट ऐकू येते म्हणून.

माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. उड्यांचं वेड नंतरचं. शहरातल्या चौघांचा एक संघ होता, विमानातून उडी मारणारा. पॅराशूट उघडायच्या आधी पस्तीस सेकंदांत ते हवेत एकमेकांना धरून ठरलेल्या आकृत्या करायचे — धरायचं, सोडायचं, फिरून पुन्हा धरायचं. मी त्यांच्या वर पडत असायचो, हेल्मेटला कॅमेरा लावून. स्पर्धेत परीक्षक जमिनीवर बसून फक्त माझं चित्रण बघतात. पकड दिसली तर गुण. नाही दिसली तर ती पकड झालीच नाही. चौघांची वर्षाची मेहनत एका माणसाच्या मानेवर.

माझ्याकडं दोन लेन्स होत्या. वाइड लेन्स सगळं पोटात घेते, पण तिच्यात माणसं बारकी दिसतात. म्हणून अगदी त्यांच्या डोक्यावर राहावं लागतं. दुसरी अरुंद. ती लांबून, उंचावरून चालते, पण मान जराशी हलली की कडेचा माणूस गेला चौकटीबाहेर. या कामाला वाइडच बरोबर. हे मला तेव्हाही माहीत होतं — हे विसरू नका.

एका सरावात मी वाइड लावून जवळ गेलो आणि त्यांच्या पाठीवरच्या मेलेल्या हवेत शिरलो. खालच्या माणसांनी वारा अडवला की वरच्याला आधारच राहत नाही. विहिरीत पडावं तसा पडलो. संघातल्या रेखाची पाठ माझ्या तोंडासमोर आली, मोठी होत गेली — हातभर अंतरावरून कसाबसा निसटलो. तिला कळलंसुद्धा नाही. मी मात्र त्या दिवसापासून विमानाचं दार उघडलं की हेल्मेटचा पट्टा पुन्हा पुन्हा आवळत बसायचो.

भीती वाटते, असं म्हणता आलं नसतं का? घारीला पत्ता सांगणारा मी — कसं म्हणणार? मी म्हणालो, वाइड लेन्सला बुरशी लागली. आपल्या या कोरड्या मुलखात, जिथं लोणच्यालासुद्धा बुरशी लागत नाही. कुणी लेन्स बघायला मागितली नाही. संघाचे कप्तान कुलकर्णी सर कंपनीत इंजिनियर, ते एवढंच म्हणाले, "लेन्समधलं आपल्याला काय कळतंय, तुम्ही म्हणाल तसं."

रेखा पिशोरची. वडील मेंढरं राखणारे. तिच्या उड्यांचा खर्च एक संस्था उचलायची, पण संघात असेपर्यंतच. संघाबाहेर गेली की तिचं आभाळ संपलं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

निवड फेरीच्या शेवटच्या उडीत अरुंद लेन्स लावून मी उंचावर होतो. आणि मधेच वाटलं, खाली सरकतोय. सरकत नव्हतो. पण मान आपोआप मागं ओढली गेली. मान मागं गेली तसा कॅमेरा मागं गेला, रेखाचा डावा हात चौकटीबाहेर राहिला. डोळे मात्र — डोळे खालीच होते.

एका गुणानं संघाची निवड हुकली. चित्रण लावलं तर रेखाचा हात कुठंच नाही. ज्याच्या पायावरची, पकडीसाठीच शिवलेली पट्टी तिनं धरायची होती, तो म्हणाला गडबडीत कळलं नाही. मग ती माझ्याकडं वळली.

"दादा, माझा हात लागला व्हता. तुम्ही वरून बघितलं ना?"

किती सोपं होतं. व्हय म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — मग चित्रणात का नाही? आणि मग लेन्स, मग बुरशी, मग मान, मग मी.

"नाय दिसलं," मी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. कुणी न विचारता वर जोडलं, "तू लई लांब राहिली होतीस. म्हणून तर चौकटीत नाहीस."

महिन्याभरात तिच्या जागी दुसरी मुलगी आली. मीही मान दुखते म्हणून सोडलं. तेही खोटंच.

गेल्या हिवाळ्यात एका जोडप्याचे फोटो काढायला वेरूळला गेलो. तिथल्या हॉटेलात रेखा काउंटरवर. तिला बघून वाटलं, आता विचारेल. तिनं चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली. जोडप्याला सांगितलं, "हे आमचे दादा. जपून राहा, घारीची गोष्ट सांगतेल." मग हसत हसतच मला म्हणाली, "लई दिवस वाटायचं, हात लागला व्हता म्हणून. स्वप्नात पण लागायचा. पण तुम्ही तर वरून बघत होता. नसंलच लागला."

मी तिला घारीची गोष्ट सांगितली. ती हसली.

वाइड लेन्स माझ्या कपाटात आहे, काच स्वच्छ आहे. आणि रेखाचा डावा हात पट्टीवर होता. चारही बोटं पट्टीखाली, अंगठा वर, गच्च. मी बघितला होता.