मागून चालणारा वाटाड्या

मागच्या मार्गशीर्षातल्या एका रविवारी हरिश्चंद्रगडासाठी आठशे रुपये ठरले, तेव्हा मी, माझी पत्नी आणि तो म्हातारा असे तिघे हजर होतो. तरुणपणी तो नावाजलेला शिकारी होता; आता वाटाड्या आहे. याआधी चारदा त्याला नेलं होतं आणि चारही वेळा तो आमच्या दहा पावलं मागे चालला.

"बाबा, पुढे चला की," या वेळी मी म्हणालो.

"सावज पुढं, शिकारी मागं. जल्मात कुनाच्या पुढं गेलो न्हाई."

उतरताना धुकं दाटलं. डावीकडे दरी होती आणि वाट दिसेना. मी घाबरून खाली बसलो. पत्नी काठीने जमीन चाचपत पुढे झाली.

"भेकरावानी पाय टाकताय, ताई," तो मागून म्हणाला.

"हे कौतुक आहे का?"

"व्हय. भेकरू कड्यावरनं पडत न्हाई."

तिच्या मागोमाग आम्ही दोघे पायथ्याला सुखरूप पोचलो. मी आठशे रुपये दिले. त्याने ते दोनदा मोजले आणि निम्मे पत्नीपुढे धरले.

"वाट यांनी काढली. मी निस्ता मागं आलो."

म्हणजे चारशे त्याला पोचले आणि चारशे पत्नीला. तिने ते अजून मला दिलेले नाहीत.