शेजारच्या मशीनमधली रॅम

ती माझ्या मागून चार महिन्यांनी कामाला लागली. तिला सगळं मीच शिकवलं, हे मी त्या दिवसांत भेटेल त्याला सांगत असे. कोणी विचारलेलं नसायचं.

आमचं ऑफिस भोरमध्ये, एसटी स्टँडजवळच्या एका दुकानाच्या वर होतं. एक खोली आणि तीन कॉम्प्युटर: एक सरांचा, एक माझा, एक तिचा. सन दोन हजारनंतरची पहिली काही वर्षं. सर पुण्याच्या एका कंपनीकडून सॉफ्टवेअर तपासायचं काम आणायचे. दवाखान्यांसाठीचं सॉफ्टवेअर, ब्राउझरमध्ये चालणारं. आम्ही दोघी त्याच्या टेस्ट लिहायचो. टेस्ट आपणहून खिडकी उघडायची, खोट्या पेशंटचं नाव भरायची, बटण दाबायची आणि बरोबर पान आलं का ते बघून पास किंवा नापास लिहायची. अशा शेकडो टेस्ट. एकामागून एक चालवल्या तर अख्खा दिवस जायचा, आणि पुण्याला निकाल दुपारी तीनच्या आत हवा असायचा.

मग एकाच वेळी चार-चार चालवायच्या. हे आधी मला सुचलं होतं, तेही मी सांगत असे. पण प्रत्येक टेस्ट आपली खिडकी उघडते, प्रत्येक खिडकी मेमरी खाते, आणि मेमरी संपली की कॉम्प्युटर उरलेलं सामान हार्डडिस्कवर ठेवायला लागतो. मग नुसती करकर. माउस आत्ता हलवावा आणि बाण केव्हातरी हलावा. माझं मशीन रोज असं बसायचं आणि मी त्याला शिव्या घालायचे. तिचं मशीन माझ्यासारखंच, रॅम म्हणजे मेमरी तेवढीच, आणि त्यावर चार टेस्ट सुरळीत चालायच्या.

ती डोंगराकडच्या हिर्डोशी गावची. पहाटे उठून घरचं आवरून, मिळेल त्या एसटीनं यायची. चपलांना चिखल, हातात एक दोनशे पानी वही. कुठली टेस्ट किती मेमरी खाते ते ती वहीत उतरवून घ्यायची. मला त्या वहीचासुद्धा राग यायचा. एकदा सरांनी तिला विचारलं, चारच का, आठ का नाही?

"सर, खाचर केवढं त्ये बगूनच लावणीला मानसं घालायची," ती म्हणाली. "लई घातली की एकमेकांची रोपं तुडवत्यात. जड टेस्ट असली की तिच्याबरूबर हलकी लावायची. आन् झाली की तिनं बांधावर यायचं, आत रेंगाळायचं न्हाई."

सर खूश होऊन हसले. मीही हसले, आणि त्या दुपारी चहा दोनच कप टाकला, सरांचा आणि माझा. मी डिप्लोमावाली, भोर गावातली. ही खाचरातून उठून येते आणि मेमरीवर बोलते!

त्यातच सरांनी सांगितलं की पुण्याची कंपनी आमच्यातल्या एकीला कायम घेणार आहे. जागा एकच. पुढचं मोठं काम निम्मं-निम्मं वाटून देणार आणि जिचा निकाल वेळेत नि बिनचूक येईल ती पुण्याला जाणार. मला ती जागा इतकी हवी होती की पुण्यात कुठल्या मैत्रिणीबरोबर खोली घ्यायची तेही मी ठरवून ठेवलं होतं.

आणि त्याच आठवड्यात सर पुण्याहून रॅमची एक पट्टी घेऊन आले आणि ती त्यांनी तिच्या मशीनमध्ये बसवली. दोनशे छप्पन एमबीचे पाचशे बारा झाले. "ती वापरेल नीट," एवढंच ते म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही.

शनिवारी भाताच्या लावणीसाठी ती दुपारीच गेली. सर जेवायला गेले होते. मी अब्बांच्या दुकानातला स्क्रूड्रायव्हर पिशवीतून काढला. अब्बा रेडिओ दुरुस्त करायचे, त्यामुळे स्क्रू माझ्या हाताला सवयीचे. त्यांच्या दुकानात एकच कायदा होता: एका गिऱ्हाइकाचा पार्ट दुसऱ्याच्या सेटमध्ये घालायचा नाही. "येवढं केलं की दुकान बंद करून घरी बसलेलं बरं," ते म्हणायचे. मला ते वाक्य तेव्हा आठवलं, नाही असं नाही. मी तिच्या मशीनचं झाकण काढलं, नवी पट्टी उचलली, माझ्या मशीनमध्ये बसवली आणि दोन्ही झाकणं लावून हात धुऊन आले.

मी मशीन चालू केलं की चहा टाकायला जायचे. त्यामुळे एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. चालू होताना मशीन काळ्या पडद्यावर आपली मेमरी मोजून दाखवतं. सोमवारी चहा होईतो वीज जाऊन आली, आणि मी कप घेऊन आले तेव्हा ती दोन्ही मशीन पुन्हा चालू करून त्या आकड्यांकडे बघत होती. तिच्या पडद्यावर आकडे निम्म्यावर थांबले. शेजारी माझ्या पडद्यावर अजून पळत होते.

आता ही बोलणार, सरांना हाक मारणार. मी उत्तरं जुळवू लागले. तिनं कप घेतला, दोन घोट चहा प्यायली आणि टाइप करायला लागली.

"काय गं, झालं का मशीन चालू?" मीच विचारलं.

"व्हय ताई, झालं की."

त्या आठवड्यात मी माझ्या मशीनवर एकदम आठ टेस्ट सोडल्या. दुप्पट रॅम होती ना! तासाभरात मशीन बसलं. सहा केल्या, दुपारी बसलं. चार केल्या, तरी बसलंच. माझ्या टेस्ट नापास झाल्या की खिडकी बंद न करताच पुढे जायच्या, आणि त्या उघड्या खिडक्या मागे साचत राहायच्या. हे मला पुढे कळलं. तेव्हा मी चोरलेल्या पट्टीलाच शिव्या घातल्या. ती मात्र चार-चार टेस्ट लावून शांत बसलेली. डब्यातली नाचणीची भाकरी खाताना एक डोळा पडद्यावर, बास. शुक्रवारी तिचा निकाल तीनच्या आधी पुण्याला गेला. माझा गेला सोमवारी.

जागा तिला मिळाली. शेवटच्या दिवशी ती माझ्या पाया पडायला वाकली, तेव्हा मी तिला अर्ध्यात धरलं. प्रेमानं नव्हे. मला ते सहनच झालं नसतं.

"तुमीच शिकवलं, ताई," ती म्हणाली. ते वाक्य ऐकण्यासाठी मी वर्षभर झुरत होते. ऐकलं तेव्हा मान वर होईना.

ती गेल्यावर सर म्हणाले, तिचं मशीनही आता तूच वापर, तिच्या स्क्रिप्टही तूच बघ. मी तिची फाइल उघडली. सगळ्यात वर, मशीन ज्या ओळी वाचत नाही अशा काही ओळी तिनं रोमन अक्षरांत मराठीतून लिहून ठेवल्या होत्या. कुठली टेस्ट जड, कुठली हलकी, कुठल्या जोडीनं लावायची. आणि त्या सोमवारची ओळ:

"मेमरी निम्मी झाली. आजपासून आठच्या ऐवजी पुन्हा चार. पट्टी ताईंच्या मशीनमध्ये आहे. त्यांना लागत असंल."

ती रागावली असती तर मी भांडले असते. सरांना सांगितलं असतं तर रडून मोकळी झाले असते. पण तिला माझी कीव आली होती, आणि तीही तिनं कामाच्या नोंदीत, चार टेस्टच्या हिशेबात बसवून टाकली होती. आज इतक्या वर्षांनीही मला तिच्या पुण्याच्या जागेपेक्षा त्या ओळीचा जास्त हेवा वाटतो. मला तशी लिहिता आली नसती.

मी स्क्रूड्रायव्हर काढला, माझ्या मशीनमधली पट्टी उपसली आणि तिच्या मशीनमध्ये परत बसवली. झाकण लावून ते चालू केलं. त्या दिवशी चहा टाकायला गेले नाही. आकडे पाचशे बारापर्यंत पळताना बघत बसले, आणि मग लक्षात आलं की आता तेही मशीन माझंच आहे.