गावदेवीकडे तोंड करून उभी गाडी

त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त धास्ती वाटायची ती सकाळची. बायकोला आठवा महिना लागला होता. याआधी दोनदा आमच्या घरात पाळणा बांधायची वेळ येऊन टळली होती. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "वार खाली आहे, बाळाच्या वाटेतच. रक्त दिसलं की दुखण्याची वाट बघत बसू नका. तशाच उचला आणि घेऊन या." आमचं घर अंधेरीला, टेकडीच्या चढावर. टॅक्सी हवी तर स्टेशनपर्यंत धावत जावं लागे, आणि मिळाली तरी चढाचं नाव काढल्यावर ड्रायव्हर मान फिरवत. म्हणूनच, बायकोला दिवस राहिल्याचं कळताच, मी कारखान्यातल्या एका निवृत्त साहेबांची जुनी गाडी घेतली होती. आणि नेमकी तीच सकाळी लवकर सुरू होत नव्हती.

किल्ली फिरवली की स्टार्टर नुसता घरघरत राही. टेकडीच्या माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे, आणि मी तिचा जुना भक्त. घरघर चालू असेपर्यंत मी तिचं नाव घेत राहायचो. सुरुवातीला पाच नावांत इंजिन पकडायचं. मग अकरा लागू लागली, मग एकवीस. मला वाटे, देवी माझी परीक्षा बघते आहे, श्रद्धा कुठे तुटते ते तपासते आहे. बायको हसून म्हणे, "तुमची गाडी पूजा आटोपल्याशिवाय उठतच नाही." मी हसत नसे. त्या एकवीस नावांत मला रोज ती मागच्या सीटवर पांढरीफटक पडलेली दिसे.

नुसता जप करत बसलो होतो असंही नाही. कारखान्यात माझं कामच तपासनीसाचं. दुसऱ्यांच्या कामातली केसभर चूक मी पकडायचो, त्याचा थोडा ताठाही होता. मी प्लग बदलले, पॉइंट घासून घेतले, नवी बॅटरी बसवली. मेकॅनिकने कार्बुरेटर खोलून धुतला. स्टेशनजवळच्या सपाट रस्त्यावर त्याचं गॅरेज. एकदा रात्रभर गाडी तिथेच ठेवली, तर सकाळी किल्ली लावल्याबरोबर सुरू! तो म्हणाला, "साहेब, गाडी एकदम झकास आहे. वहम तुमच्या डोक्यात आहे." घरी आणली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकवीस.

मग तो मंगळवार आला. सहा-साडेसहाची वेळ होती. मोरीतून बायकोने हाक मारली आणि त्या आवाजावरूनच मला कळलं. तिला दोन्ही हातांनी धरून गाडीत आणलं, मागे आडवी केली आणि किल्ली फिरवली. एकवीस नावं झाली. चाळीस झाली. घरघर मंदावत चालली, बॅटरी बसत होती. मी एका हाताने किल्ली धरली होती आणि दुसऱ्याने स्टिअरिंगवर बुक्क्या मारत होतो. खरं सांगतो, त्या वेळी माझ्या तोंडात देवीचं नाव होतं, पण मनात नुसता राग होता. तुला आणखी काय द्यायचं राहिलं, असं मी तिला विचारत होतो.

काचेवर टकटक झाली. एक वयस्क कोळीण उभी होती, हातात पिशवी, पिशवीतून नारळ आणि खणाचं टोक डोकावत होतं. देवळाकडे निघाली असावी. तिने मागच्या सीटकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाली, "बस कर, मशिनचा जीव घेतोस काय. रोजच असा करतो?"

"सकाळीच. दिवसा ठीक असते."

"आणि दुसरीकडं उभी केली तर?"

"सपाटीवर लगेच सुरू होते."

"मग हिचं तोंड असं चढाला कवापासून लावतोस?"

मी बोटांवर आठवडे मोजू लागलो. गाडी घेतल्यावर पहिले काही आठवडे मी ती रोज संध्याकाळी फिरवून उताराकडे तोंड करून लावत असे. सकाळी बाहेर काढायला सोपं जाई. तेव्हा कधी त्रास झाला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी वारेचं सांगितलं, त्या संध्याकाळी मी वर जाऊन नवस बोललो होतो, की बाळ सुखरूप घरी येईपर्यंत गाडी तुझ्याकडेच तोंड करून उभी राहील. गाडीचं दुखणं सुरू झालं ते त्याच आठवड्यात. सगळ्या जगाच्या चुका काढणाऱ्या मला हे दिसलं नव्हतं.

"आमच्या होडीच्या मशिनचं पण असंच व्हायचं," ती म्हणाली. "तेल मागं उतरून जातं, मशिन कोरडा फिरतो. तोंड खाली कर, येतं का नाय बघ."

"तसा नवस आहे," मी पुटपुटलो. "तिच्याकडे पाठ कशी करू? आणि तीही आजच्या दिवशी?"

कोळीण माझ्याकडे बघतच राहिली. "का रे, देवी काय पुढच्या काचेतूनच बघते?"

मागून बायकोचा क्षीण आवाज आला, "अहो, फिरवा ना."

मी ब्रेक सोडला. गाडी मागे घरंगळत रस्त्यापलीकडच्या फाटकापुढच्या मोकळ्या जागेत शिरली. कोळणीने पदर खोचला, पाण्याच्या नळावरच्या दोन माणसांना हाका मारल्या आणि तिघांनी ढकलून गाडीचं तोंड उताराकडे केलं. "थांब जरा, तेल येऊ दे," ती म्हणाली. तेवढ्यात तिने मागचं दार उघडलं आणि पिशवीतला खण, नारळ आणि मूठभर तांदूळ बायकोच्या ओटीत घातले. मग बोनेटवर थाप मारून म्हणाली, "सोड आता."

देऊळ माझ्या पाठीशी होतं. मी नाव घेतलं नाही, काही मोजलं नाही. मनात एवढंच आलं, की माझ्या हातात आता काही नाही, तूच बघ. गाडी उतारावर सुटली, मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, एक हिसका बसला आणि इंजिन सुरू झालं. मी रडत होतो, ते मला हॉस्पिटलच्या दाराशी पोचल्यावर कळलं. मुलगी झाली. इवलीशी होती, पण रडली जोरात. आणखी उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या, असं डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या.

पुढे मेकॅनिकला गाडीतल्या पेट्रोलच्या पंपाची झडप गळकी सापडली. चढाकडे तोंड असलं की रात्रभरात पेट्रोल मागे टाकीत उतरत होतं. इतकी साधी गोष्ट, आणि तिला मी परीक्षा ठरवलं होतं. देवीने काही मागितलंच नव्हतं, मीच आपला हट्ट नवस म्हणून तिच्यापुढे मांडला होता.

मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर आम्ही तिघं वेसाव्याच्या कोळीवाड्यात, मासळीबाजारात, त्या बाईंना शोधत गेलो. त्यांनी बायकोला आधी ओळखलं, मला मग. मुलीला मांडीवर घ्यायला हात धुऊन आल्या. बोलता बोलता कळलं, त्या सकाळी त्यांच्या मुलाची होडी तीन दिवस परतलेली नव्हती, आणि त्याच्यासाठी त्या ओटी भरायला वर निघाल्या होत्या. मुलाचं विचारायचा धीर होईना.

"आला, आला," त्याच म्हणाल्या. "मी घरी पोचले तर ओट्यावर बसून चहा पीत होता."

मी विचारलं, "मग देवीची ओटी नंतर भरलीत का?"

"नंतर कशाला?" मुलीच्या गालाला बोट लावत त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी भरली की. तुझ्या गाडीत."

मी तिथेच, मासळीच्या ओल्या टोपल्यांमध्ये, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.