पाच विती निळं कापड

विद्यापीठाच्या नामांतराची बातमी आली त्या सकाळी शहरात निळं कापड मिळेना. क्रांती चौकातल्या दुकानांत फळ्या रिकाम्या. आई शिवणकाम करायची, म्हणून गल्लीनं तिलाच धरलं. पंचवीस घरं, प्रत्येकाच्या दाराला एक पताका, आणि तीही, माणसं चिकलठाण्याच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून परतायच्या आत. आईजवळ मंडपाच्या झालरीतून उरलेला एकच तिकोनी तुकडा होता. तिन्ही बाजू पाच-पाच विती.

मी नववीत होते आणि गणितात स्वतःला फार शहाणी समजायचे. खडूनं वीत-वीत अंतरावर आडव्या रेघा मारल्या, मग दोन्ही बाजूंनी तिरक्या, आणि टोकाकडून ओळीओळीनं पताका मोजल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. एकूण पंधरा.

"धा घरं राहत्यात की," आई म्हणाली. तिचा चेहराच उतरला.

गल्लीतल्या एक मावशी दारात उभ्या होत्या. नामांतराच्या दंगलीत त्यांचं गावाकडलं घर जाळलं होतं. तेव्हापासून त्या गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या खोपटात राहत.

"माझी पहिली कमी कर," त्या म्हणाल्या. "मला कुठं दार हाय?"

मला स्वतःचाच इतका राग आला की कात्री कचाकचा चालवली. दुसऱ्या ओळीतल्या दोन पताकांच्या मधून एक तुकडा खाली पडला. चिंधी म्हणून पायानं सारणार, तेवढ्यात थबकले. उचलला, फिरवला, पताकेवर ठेवला. काठाला काठ. रेघांत तो उलटा होता, म्हणून मी मोजलाच नव्हता!

मग मी उरलेल्या कापडावर ओणवीच झाले. पहिल्या ओळीत एक, दुसरीत तीन, तिसरीत पाच, मग सात, मग नऊ. दर ओळीला दोन वाढत होते. बेरीज करत गेले: एक, चार, नऊ, सोळा. पुढचा आकडा मोजायच्या आधीच तोंडात आला. पाच ओळी, पाच पाचे पंचवीस! सहा ओळी असत्या तर छत्तीस, हे मला न कापताच कळत होतं, आणि कुणाकुणाला सांगू असं झालं होतं.

"आई, पुरतंय. समद्यांना पुरतंय."

शेवटची पताका कापून होईपर्यंत आईचा विश्वास बसला नाही. ती पंचविसावी मी मावशींच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"ही त्या टाकलेल्यातली का?"

"व्हय. पण दुसरीवर ठिवून बघा, एकसारखीच हाय."

त्यांनी ठेवून पाहिली नाही.

"दार नाय, पत्रा तर हाय," त्या म्हणाल्या. "खिळा दे."