कडी

गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४. लातूर. नळाला पाणी आले नाही. प्रचाराची रिक्षा दिवसभर ओरडत होती. सुगतभाऊजी नांदेडहून येऊन गेले. रविवारी टेम्पो आणणार म्हणाले. दिवेलागणीला दार पुन्हा उघडले.

ज्योत्स्नाबाईंनी एवढं लिहून वही मिटली. शेवटच्या वाक्याबद्दल कुणाशी बोलायची सोय नव्हती. घर बावीस प्रतिज्ञा घेतलेलं. तिथं भुताखेताचं नाव काढलं असतं तर त्यांचे पती आनंदराज हसले असते. पण आनंदराज जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि दार उघडत होतं ते नेमकं त्यांच्या ऑफिसातून परतण्याच्या वेळेला. आधी हातभर, मग पूर्ण. बाहेर कुणी नसायचं.

त्या दाराला आतून कडी नव्हती. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आनंदराजांनी घरातल्या दारांच्या आतल्या सगळ्या कड्या उपटून टाकल्या. दार अडकून माणसं आत राहिली होती, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. बाहेर जाताना तेवढं कुलूप. घरात माणूस असलं की दार नुसतं लोटलेलं. तेव्हापासून कुणीही यावं, दार ढकलावं आणि थेट स्वयंपाकघरात उभं राहावं. दीर सुगत तर बोलायला सुरुवातच उंबऱ्याच्या आत पाऊल टाकल्यावर करत. गुरुवारीही तसंच झालं.

"वहिनी, भांडी तेवढी बांधून ठेवा. नांदेडला एक खोली मोकळीच हाय."

"आणि हे घर?"

"किराईदार बघितलाय की. एकटीनं इथं काय करता?"

बाईंनी चहा ठेवला. लग्नापासून त्यांनी अशा प्रत्येक गोष्टीला चहाच ठेवला होता.

शुक्रवारी त्या बाजारात गेल्या, पितळी कडी घेतली आणि शिवप्रसाद सुताराला बोलावलं.

"बाई, इथं छिद्रं जुनीच हायत. कडी काढली कुणी?"

"साहेबांनी. भूकंपाच्या वर्षी."

"मंग साहेब गेल्यावर तरी बसवायची."

"राहून गेलं."

"लई राहिलं," तो हसला आणि स्क्रू पिळू लागला.

दिवेलागणीला बाईंनी कडी लावली आणि समोर खुर्ची टाकून बसल्या. दार हललं. कडी वाजली. बाहेरून कुणीतरी पुन्हा ढकललं, या वेळी खांद्यानं ढकलावं तसं. मग जमिनीच्या पोटातून तो भूकंपापासून ओळखीचा आवाज आला, लांबून ट्रक यावा तसा घुमत, आणि फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणले. बाई उठल्या. पायांना एकच शिकवण होती: पळ. हात कडीपर्यंत गेला.

तिथं तो थांबला.

"कोण आहे?"

दारापलीकडे श्वास चालू होता.

"मला बाहेर यायचं असेल तेव्हा मी उघडीन," बाई म्हणाल्या. "तुम्ही ढकलू नका."

श्वास थांबला. बाईंनी मनातल्या मनात शाळेतली एक प्रार्थना अर्धी म्हटली, पदर खोचला आणि मग स्वतः कडी काढली. अंगणात कुणी नव्हतं. गल्लीत मात्र सगळे घराबाहेर आलेले.

"आवाज आला नव्हं, बाई?" शेजारच्या सरजाबाई म्हणाल्या. "तुमी लई उशिरा निघाला."

"हो. कडी काढत होते."

सरजाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

रविवारी टेम्पो दाराशी लागला. सुगतनी सवयीनं दार ढकललं आणि कपाळ आपटून घेतलं. मग त्या घराच्या दारावर पहिल्यांदाच त्यांनी टकटक केली.

"वहिनी, दाराला काय झालं?"

बाईंनी दार उघडलं, पण उंबऱ्यातून हलल्या नाहीत.

"कडी बसवली. मी इथंच राहणार आहे, भाऊजी."

"दादा असता तर..."

"ते असते तर त्यांनाही हेच सांगितलं असतं. चहा घेणार?"

सुगतनी कपाळ चोळलं, टेम्पोवाल्याकडे पाहिलं. "भाडं तर द्यावंच लागंल," एवढंच पुटपुटले आणि निघाले.

त्या संध्याकाळी बाई खुर्चीत बसल्या होत्या. अंधारू लागलं. दार हललं नाही. पण जरा वेळानं बाहेरून कुणीतरी बोटाच्या पेरानं, अगदी हलकेच, टकटक केली.

बाईंनी मान वर केली.

"आज नको," त्या म्हणाल्या.

चपला वाजत फाटकापर्यंत गेल्या. फाटक उघडल्याचा आवाज मात्र आला नाही. बाईंनी दिवा लावला, वही ओढली आणि लिहिलं:

कडी जड लागते. खोबरेल लावले.