लिस्बन ते हेलसिंकी

“लिस्बनहून हेलसिंकीला विमानाला किती वेळ लागतो, माहितीये?” इंग्लंडमधल्या आमच्या बेसिंगस्टोकच्या गणपतीत ओळख झाल्या झाल्या प्रधानकाकांनी मला हेच विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. “पाच तास. तीन हजार तीनशे किलोमीटर. थेट विमान आहे गं! पण जातंय कोण?”

काका जाऊन आता वर्ष होत आलं. आमच्याच रस्त्यावर ते एकटे राहायचे. मुलगा निखिल लिस्बनला, मुलगी केतकी हेलसिंकीला. मालतीकाकू आजारी पडल्या तेव्हा निखिल इथे होता. त्याने केतकीला उशिरा कळवलं, आणि ती पोहोचण्याआधी काकू गेल्या. तेव्हापासून बहीण-भाऊ बोलत नव्हते.

काकांनी मग येरझाऱ्या सुरू केल्या. चार दिवस इकडे, चार दिवस तिकडे. मध्ये बेसिंगस्टोकला येत ते जणू कपडे धुवायलाच. “काका, जरा दम खा,” मी म्हणायचे. “घरात बसून काय करू?” म्हणत ते पुन्हा तिकिटं बघायला लागायचे. निखिलची माफी केतकीकडे न्यायची, तिचा राग त्याच्याकडे आणायचा. केतकी एकदा वैतागून म्हणाली, “बाबा, तुम्ही पोस्टमन नाही!”

मागच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला निखिल त्यांना लिस्बनच्या विमानतळावर सोडायला गेला. सिक्युरिटीच्या दारात काका थांबले.

“सॉरी सांगा तिला,” निखिल म्हणाला.

“नाही सांगणार. माझ्या तोंडून ते शिळं होतं रे. तू चल.”

“आता? असाच?”

“असाच.”

निखिलने तिथेच उभ्या उभ्या तिकीट काढलं. विमानात काका जागेवरून इतक्या वेळा उठले, की शेवटी एअर होस्टेसने त्यांना हाताला धरून बसवलं.

हेलसिंकीला केतकी वडिलांना घ्यायला आली होती. मागे भाऊ दिसल्यावर ती जागीच थबकली. इंग्लंडमध्ये वाढलेली ती, रागावली की तिचं मराठी आणखी अडखळायचं. “तू मला उशीर सांगितला.”

“हो. मला वाटलं, आई बरी होईल. खरंच वाटलं गं.”

ती कितीतरी वेळ रडली. मग निखिलचा पातळ शर्ट बघून म्हणाली, “बाहेर बर्फ आहे, वेडा. चल.” आणि गळ्यातला मफलर काढून त्याच्या गळ्यात घातला.

हे सगळं काकांनी मला परत आल्यावर सांगितलं, हसत, हातवारे करत. “आता दोघं रोज फोनवर असतात. मला कुणी काही विचारतच नाही!”

पुढच्या आठवड्यात मात्र ते दिसले नाहीत, म्हणून मी दार वाजवलं. काका दाढी न करता उभे होते. बॅग नव्हती, तिकीट नव्हतं.

“आत ये. एक काम आहे. मालतीचं कपाट मी अजून उघडलेलं नाही. वेळच मिळाला नाही.” मग स्वतःच म्हणाले, “म्हणजे, मिळू दिला नाही.”

मी कपाट उघडलं. वरचीच निळी साडी काढून त्यांच्या हातात दिली. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी ती मांडीवर घेतली, तिच्या घडीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “ही तिने केतकीच्या ग्रॅज्युएशनला नेसली होती.” मग त्यांना रडू फुटलं. मी शेजारी बसून राहिले. दुसरी साडी काढायची घाई आम्हा दोघांनाही नव्हती.